लेखी इंग्रजीत जोर कुठे द्यायचा? ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, इंग्रजी पाचवीपासून. आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात तुम्ही परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळता. काही ग्राहक अमेरिकेतले, काही इंग्लंड-जर्मनीतले. तुमचे साहेब मेलमधले ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘ओन्ली’, ‘डेफिनिटली’ लाल करून परत पाठवतात. हे शब्द काढले की मजकूर तुम्हाला कोरडा, जवळजवळ उद्धट वाटतो. ठेवले तर साहेबांना तो शाळकरी वाटतो. म्हणून तुम्ही विचारलंय की हे शब्द कधी वापरायचे आणि कधी नाही, याचा काही नियम आहे का. नमुना म्हणून हा मेल दिलाय:

‘आय ॲम व्हेरी मच सॉरी फॉर द डिले. वी रिअली ट्राइड अवर लेव्हल बेस्ट, बट द टेस्ट डेटा केम यस्टरडे ओन्ली. आय विल डेफिनिटली सेंड द रिपोर्ट टुडे इटसेल्फ. धिस इज व्हेरी एसेन्शियल फॉर अस ऑल्सो.’

मराठी माणसांनी लिहिलेलं इंग्रजी तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. कंपन्यांचे अहवाल, परदेशी विद्यापीठांसाठीचे अर्ज, शोधनिबंध, करार असं सगळं हातून जातं. काळ चुकला, क्रियापद चुकलं, या चुका आता संगणकच पकडतो. जोर चुकीच्या जागी पडला तर मात्र तो त्याला सहसा दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने उभं असतं. तुमच्या मेलमध्ये नेमकं हेच झालंय.

त्यामुळे साहेब बरोबर की तुम्ही, हा वाद बाजूला ठेवू. जोर द्यावासा वाटतो यात तुमचं काहीच चुकत नाही. उशीर झालाय, ग्राहक चिडलाय, तेव्हा जोर हवाच. अडचण अशी की मराठीत जोर देण्याचं काम आपण एकेका छोट्या अक्षरावर सोपवलंय. ‘कालच’, ‘मीच’, ‘येणारच’, ‘त्यानेही’, ‘साहेबसुद्धा’. शाळेच्या व्याकरणात यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. ज्या शब्दावर जोर, त्याच्या पाठीला अव्यय चिकटवलं की काम झालं. बोलताना आणि लिहितानाही. इंग्रजीत असं चिकटवायचं अक्षर नाही. इंग्रज माणूस बोलताना एखाद्या शब्दावर आवाज चढवतो आणि भागवतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून तिथे जोर मुख्यतः दोन गोष्टींतून येतो: शब्द वाक्यात कुठे बसवलाय, आणि मुळात शब्द किती नेमका निवडलाय. जोर देणारी क्रियाविशेषणं या दोघांच्या मागून, मदतीला येतात. आपण सगळा भार त्यांच्यावरच टाकतो आणि मग ती वाकतात. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

सुरुवात ‘ओन्ली’पासून करू, कारण नुकसान तोच जास्त करतो. ‘डेटा कालच आला’ हे तुमच्या मनातलं वाक्य. तुम्ही ‘च’च्या जागी, म्हणजे ‘काल’च्या मागे, ‘ओन्ली’ ठेवला: ‘यस्टरडे ओन्ली’. भारतातल्या भारतात हे कुणालाही कळतं. हिंदी, गुजराती, कन्नड बोलणारेही असंच लिहितात. पण इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांना शेवटी बसलेला ‘ओन्ली’ पाट्यांवरून ओळखीचा असतो. ‘स्टाफ ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, ‘बाय अपॉइंटमेंट ओन्ली’. तिथे त्याचा अर्थ ‘फक्त, दुसरं काही नाही’ असा कडक असतो. त्यामुळे ‘वी विल मीट ऑन मंडे ओन्ली’ असं तुम्ही ‘सोमवारीच भेटू, पुढे ढकलायला नको’ या भावनेने लिहिता, आणि पलीकडचा वाचतो की यांना सोमवार सोडून कुठलाच दिवस चालत नाही. तुमची तत्परता त्याला आडमुठेपणा वाटते.

‘डेटा कालच आला’ला साधं इंग्रजी आहे ‘द डेटा रीच्ड अस ओन्ली यस्टरडे’. ‘ओन्ली’ ‘यस्टरडे’च्या मागून उठून त्याच्या आधी आला. ज्याच्यावर जोर त्याच्या आधी तो बसला की ‘कालपर्यंत आलाच नव्हता’ हा अर्थ स्वच्छ येतो.

मात्र प्रत्येक ‘च’ला ‘ओन्ली’ लावायचा नाही, कारण आपला ‘च’ एकटाच अनेकांची कामं करतो. ‘फक्त’ या अर्थाचा ‘च’ असेल तर ‘ओन्ली’ ठीक. ‘तोच माणूस’ म्हणायचं असेल तर ‘द सेम मॅन’. ‘दुसऱ्याच दिवशी’ म्हणायचं असेल तर ‘द व्हेरी नेक्स्ट डे’. इथला ‘व्हेरी’ ‘खूप’ या अर्थाचा नाही, म्हणून तो लाल करू नका असं साहेबांना खुशाल सांगा. ‘येणारच’ म्हणायचं असेल तर ‘ही इज बाउंड टू कम’ किंवा ‘ही विल सर्टनली कम’. ‘नाहीच’ किंवा ‘अजिबात नाही’ असेल तर नकाराबरोबर ‘ॲट ऑल’. आणि ‘मीच पाठवला होता’ असेल तर ‘इट वॉज आय हू सेंट इट’ हे पुस्तकी, ‘आय सेंट इट मायसेल्फ’ हे रोजचं. अर्थात दुसऱ्या वाक्यात ‘मी स्वतः पाठवला’ अशी छटा येते, म्हणजे दोन्ही तंतोतंत एक नाहीत. लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं की हा ‘च’ कोणता. या प्रश्नाला काही सेकंद लागतात, आणि निम्मे ‘ओन्ली’ तिथेच गळून पडतात.

‘टुडे इटसेल्फ’ हा याच घरातला. ‘इटसेल्फ’ वस्तूच्या मागे उत्तम बसतो: ‘द मशीन इटसेल्फ इज फाइन, द वायरिंग इज फॉल्टी’, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे, बिघाड तारांमध्ये आहे. वेळेच्या मागे तो परदेशी वाचकाला खटकतो. ‘आजच’साठी तो नुसतं ‘टुडे’ लिहील, किंवा ‘बिफोर द एंड ऑफ द डे’.

‘ओन्ली’ची जागा हलली की अर्थ किती हलतो, हे एकदा जवळून पाहा. ‘आय स्पोक टू हर ऑन मंडे’ हे वाक्य घ्या: मी तिच्याशी सोमवारी बोललो. आता ‘ओन्ली आय स्पोक टू हर’: फक्त मीच बोललो, बाकी कुणी नाही. ‘आय स्पोक ओन्ली टू हर’: तिच्याशीच बोललो, तिच्या साहेबांशी नाही. ‘आय स्पोक टू हर ओन्ली ऑन मंडे’: सोमवारीच, त्याआधी किंवा नंतर नाही. आणि बहुतेक जण लिहितात ते ‘आय ओन्ली स्पोक टू हर ऑन मंडे’. बोलताना ते अगदी स्वाभाविक इंग्रजी आहे, आवाज अर्थ सांगतो. कागदावर त्याचे तीन-चार अर्थ निघतात. ‘फक्त बोललो, लेखी काही दिलं नाही’ हासुद्धा. मित्राला लिहिताना कुणी एवढा कीस काढत नाही. करारात, दरपत्रकात, वॉरंटीच्या अटींत मात्र ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू आहे त्याला खेटून बसवा.

‘ही’ आणि ‘सुद्धा’चंही असंच. मराठीत ‘त्यानेही उत्तर दिलं नाही’ म्हणतो म्हणून आपण ‘ही ऑल्सो डिड नॉट रिप्लाय’ लिहितो. इंग्रजीत नकार आला की ‘ऑल्सो’ मागे सरतो आणि ‘आयदर’ येतो: ‘ही डिड नॉट रिप्लाय आयदर’. आणि तुमच्या ‘सुद्धा’त आश्चर्य असेल, म्हणजे ‘साहेबांच्यासुद्धा लक्षात आलं नाही’, तर शब्द ‘ईव्हन’, आणि तो आधी येतो: ‘ईव्हन द मॅनेजर डिड नॉट नोटिस’. मराठीत ‘सोबत आणखी एक’ आणि ‘अहो, तोसुद्धा’ या दोन्ही भावना एकाच अव्ययात मावतात. इंग्रजीत त्या वेगळ्या कराव्या लागतात.

आता ‘व्हेरी’. तुम्ही ‘व्हेरी एसेन्शियल’ लिहिलंय. तिथे ‘व्हेरी’ शोभत नाही, आणि कारण समजलं की अशी शेकडो वाक्यं आपोआप सुधारतील. विशेषणं दोन जातींची असतात. काहींना पायऱ्या असतात: महाग, उशिरा, कठीण, दमलेला. काही आधीच टोकाला पोहोचलेली असतात: अशक्य, अनिवार्य, परिपूर्ण, एकमेव. माझी चाचणी मराठीतलीच आहे. विशेषणाला ‘थोडंसं’ लावून पाहायचं. ‘थोडंसं महाग’ चालतं, म्हणून ‘व्हेरी एक्स्पेन्सिव्ह’ चालतं. ‘थोडंसं अशक्य’ चालत नाही, म्हणून ‘व्हेरी इम्पॉसिबल’ चालत नाही. तिथे ‘ॲब्सोल्यूटली इम्पॉसिबल’ किंवा ‘कम्प्लीटली इम्पॉसिबल’. ‘व्हेरी टायर्ड’, पण ‘ॲब्सोल्यूटली एक्झॉस्टेड’. ‘व्हेरी गुड’, पण ‘ॲब्सोल्यूटली एक्सलंट’. उलटंही तितकंच खरं: ‘ॲब्सोल्यूटली टायर्ड’ कानाला विचित्र लागतं. ‘रिअली’ दोन्हीकडे चालतो, म्हणून बोलण्यात तो इतका असतो. लेखी कामकाजात तो जरा घरगुती वाटतो, एवढंच.

ही चाचणी गणितासारखी काटेकोर नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही ‘व्हेरी युनिक’ सर्रास लिहितात, आणि जगबुडी होत नाही. पण अर्ज, निविदा, निबंध यांत वाचणारा तुम्हाला तपासत असतो. तिथे त्याला संधी कशाला द्यायची?

‘व्हेरी मच सॉरी’मध्ये आणखी एक गाठ आहे. ‘व्हेरी’ विशेषणाला लागतो, ‘व्हेरी मच’ प्रामुख्याने क्रियापदाला. म्हणून ‘व्हेरी सॉरी’, ‘व्हेरी हॅपी’. आणि ‘आय एन्जॉइड इट व्हेरी मच’, ‘आय व्हेरी मच ॲप्रिशिएट युअर हेल्प’. ‘व्हेरी मच हॅपी’ नको. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्येही ‘व्हेरी मच’ घुसवायचा नाही. ‘आय लाइक व्हेरी मच धिस डिझाइन’ चूक. ‘आय लाइक धिस डिझाइन व्हेरी मच’ बरोबर. तुलना असेल तिथे ‘व्हेरी’ला प्रवेशच नाही. ‘व्हेरी बेटर’ नाही. ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’. योगायोगाने हा इंग्रजी ‘फार’ आपल्या ‘फार’सारखाच ऐकू येतो, अर्थही जवळचा, त्यामुळे माझे विद्यार्थी हा नियम कधी विसरत नाहीत.

दोन शब्दांबद्दल सावध करते, कारण ते परदेशी पत्रव्यवहारात खरोखर गैरसमज करतात. पहिला ‘टू’, म्हणजे ‘टू गुड’मधला. आपल्याकडे तरुण मुलं कौतुकाने ‘टू गुड’ म्हणतात. प्रमाण इंग्रजीत ‘टू’चा पहिला अर्थ ‘हवं त्यापेक्षा जास्त’. शिफारसपत्रात ‘शी इज टू सिन्सिअर’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की मुलीचा प्रामाणिकपणा कुठेतरी अडचणीचा ठरतो. दुसरा ‘क्वाइट’. ब्रिटिश वाचकाला ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुतेक वेळा ‘बरं आहे, ठीक आहे’. अमेरिकी वाचकाला तेच शब्द ‘चांगलंच आहे’ असे लागतात. त्यात ‘क्वाइट इम्पॉसिबल’सारख्या टोकाच्या विशेषणापुढे त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’ होतो. तुमचे ग्राहक दोन्हीकडचे आहेत, जर्मन माणूस कुठल्या पद्धतीचं इंग्रजी शिकला ते सांगता येत नाही. कामाच्या मेलमध्ये ‘क्वाइट’ टाळलेला बरा.

इथपर्यंतचं थोडक्यात: ‘च’ कोणत्या अर्थाचा ते आधी ठरवा, ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाला खेटून ठेवा, आणि ‘व्हेरी’ लावण्याआधी ‘थोडंसं’ लावून पाहा. आता जरा कमी नियमांच्या आणि जास्त सवयीच्या भागाकडे वळते.

इंग्रजीत जोराचे शब्द जोड्या जमवून राहतात. ‘स्ट्राँगली रेकमेंड’, ‘डीपली रिग्रेट’, ‘फर्मली बिलीव्ह’, ‘हायली क्वालिफाइड’, ‘फुली अवेअर’, ‘बिटरली कोल्ड’, ‘सिरिअसली इंजर्ड’. ‘डीपली रेकमेंड’ का नाही, याला तर्क नाही. आपण ‘काळाकुट्ट’ आणि ‘पांढराशुभ्र’ म्हणतो, ‘पांढराकुट्ट’ म्हणत नाही. ते जसं कानावर पडून आलं, तसंच हेही वाचून येतं. काही शब्दांचा कलही ओळखावा लागतो. ‘अटरली’ हा बहुतेक वाईट गोष्टींच्या संगतीत दिसतो: ‘अटरली रिडिक्युलस’, ‘अटरली एक्झॉस्टेड’. ‘परफेक्टली’ चांगल्यांच्या संगतीत: ‘परफेक्टली सेफ’, ‘परफेक्टली नॉर्मल’. ‘बॅडली’ दिसायला वाईट, पण ‘वी बॅडली नीड धिस पार्ट’ म्हणजे भागाची निकड आहे, त्यात वाईट काही नाही. आणि अर्जांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’ आता भारताबाहेर जुनाट वाटतं. ‘आय वुड बी ग्रेटफुल’ पुरेसं नम्र आहे. मी विद्यार्थ्यांना नवा शब्द वहीत उतरवताना एकटा उतरवू देत नाही; ज्या शब्दाबरोबर तो भेटला त्या जोडीदारासकट उतरवायला सांगते.

नकाराजवळ जोराचा शब्द ठेवताना हात जपून चालवा. ‘आय रिअली डोन्ट ॲग्री’ म्हणजे मला मुळीच पटत नाही. ‘आय डोन्ट रिअली ॲग्री’ म्हणजे तितकंसं पटत नाही. एका शब्दाची जागा बदलली आणि ठाम विरोधाची सौम्य कुरकुर झाली. तसंच ‘आय कम्प्लीटली डिसॲग्री’ हा सरळ संघर्ष आहे, तर ‘आय डोन्ट कम्प्लीटली ॲग्री’ ही चर्चेची दारं उघडी ठेवणारी भाषा. वाटाघाटी करणाऱ्या माणसाला हा फरक हाताशी हवा. मराठीत ‘मला ते अगदी पटत नाही’ आणि ‘मला ते अगदीच पटतं असं नाही’ यांत जे अंतर आहे, तेच हे.

मग येतात ‘ऑब्व्हिअसली’, ‘क्लिअरली’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘ऑनेस्टली’. यांच्याबद्दल मी सर्वांत कडक आहे. हे शब्द मुद्द्याचं वजन वाढवत नाहीत, लिहिणाऱ्याची वृत्ती सांगतात. ग्राहकाला ‘ऑब्व्हिअसली द ड्रॉइंग वॉज राँग’ लिहिलंत की त्याला ऐकू येतं: ‘एवढंही कळलं नाही का तुम्हाला?’ ‘ॲक्च्युअली’ आपण बोलताना सुरुवातीला सहज टाकतो, ‘म्हणजे काय झालं की’ या अर्थाने. लेखी इंग्रजीत तो ‘तुम्ही समजता तसं नाही’ असं सुचवतो, म्हणजे न मागितलेली दुरुस्ती. ‘क्लिअरली’च्या पुढे पुरावा असेल तर तो शब्द लागत नाही, नसेल तर तो शब्द वाचवत नाही. ‘लिटरली’ हा ‘अक्षरशः’ नसलेल्या गोष्टींसाठी वापरण्याची जुनी रीत आहे आणि शब्दकोशांनी ती नोंदवलीही आहे. तरी कामकाजात तो वाचकाचं लक्ष मुद्द्यावरून स्वतःकडे ओढतो, म्हणून मी काढते.

‘डेफिनिटली’ वेगळ्या कारणासाठी काढते. एक तर त्याचं स्पेलिंग चुकलं की आपोआप दुरुस्ती करणारा संगणक कधी कधी ‘डिफायंटली’ करून ठेवतो, आणि ‘मी नक्की येईन’चं ‘मी तुम्हाला न जुमानता येईन’ होतं. पण खरं कारण ते नाही. वचनावर जोर शब्दाने येत नाही, तपशिलाने येतो. ‘आय विल डेफिनिटली सेंड द रिपोर्ट’ वाचून उशिराने वैतागलेला ग्राहक विचारतो, केव्हा? ‘यू विल हॅव द रिपोर्ट बाय सिक्स धिस इव्हिनिंग, इंडियन टाइम’ यात एकही जोराचा शब्द नाही, आणि यापेक्षा ठाम वाक्य मला तरी लिहिता येणार नाही. ‘वी रिअली ट्राइड अवर लेव्हल बेस्ट’चंही तसंच. काय केलंत ते सांगा: लॅबला दोनदा फोन केला, दुसऱ्या लॅबकडे नमुने पाठवले, जे खरं असेल ते. सांगण्यासारखं काही नसेल तर वाक्यच नको.

तेव्हा तुमचा मेल मी असा करेन: ‘आय ॲम सॉरी फॉर द डिले. द टेस्ट डेटा रीच्ड अस ओन्ली यस्टरडे. यू विल हॅव द रिपोर्ट बाय सिक्स धिस इव्हिनिंग, इंडियन टाइम. वी नो युअर लाइन डिपेंड्स ऑन इट.’ शेवटचं वाक्य मी बदललं, कारण ‘आमच्यासाठीही ते अत्यावश्यक आहे’ यात तुम्ही स्वतःबद्दल बोलत होता. ग्राहकाची अडचण तुम्हाला कळली आहे, हे त्याला ऐकायचंय. तुम्हाला कोरडेपणाची जी भीती होती ती अशाने जाते. ‘व्हेरी’ परत आणायची गरज पडत नाही. त्याची उत्पादनाची लाइन खरंच अडली नसेल तर हे वाक्य अर्थातच लिहू नका.

वाक्यात जागा देऊन जोर कसा येतो हेही यात दिसेल. इंग्रजी वाक्याचा शेवट ही जोराची स्वाभाविक जागा आहे. म्हणून ‘यस्टरडे’ वाक्याच्या टोकाला आहे. याहून जास्त जोर हवा असेल तर वाक्याची बांधणी बदलता येते. ‘इट वॉज द सेकंड बॅच दॅट फेल्ड’, म्हणजे नापास झाली ती दुसरी बॅच, पहिली नव्हे. ग्राहक ‘तुम्ही बिल पाठवलंच नाही’ म्हणत असेल तर ‘वी डिड सेंड द इनव्हॉइस ऑन द थर्ड’. हा ‘डिड’ थेट आपल्या ‘पाठवलं होतं हो’सारखा आहे. फक्त त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपात ठेवा, ‘डिड सेंट’ नको. आणि सुरक्षिततेच्या सूचनांत नकार वाक्याच्या डोक्यावर नेऊन ठेवतात: ‘अंडर नो सर्कम्स्टन्सेस शूड द गार्ड बी रिमूव्ह्ड’, म्हणजे यंत्राचं संरक्षक आवरण कोणत्याही परिस्थितीत काढू नका. नकार पुढे आला की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, हे विसरू नका. या बांधण्या तिखटासारख्या आहेत. एका मेलमध्ये एक पुरे.

परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगायला हवं, कारण वरचं सगळं कामकाजाच्या मेलला धरून आहे. शोधनिबंधात ‘सिग्निफिकंटली’ हा जोराचा शब्द म्हणून वापरू नका. तिथे वाचक तो संख्याशास्त्रीय अर्थानेच घेतो आणि चाचणी कुठे आहे ते शोधू लागतो. फरक मोठा आहे एवढंच सांगायचं असेल तर आकडा द्या. विद्यापीठाच्या अर्जात ‘आय ॲम एक्स्ट्रीमली पॅशनेट’ इतक्या जणांनी लिहिलेलं असतं की ते वाचलंही जात नाही. तुम्ही काय केलं ते लिहिलं की आवड आपोआप दिसते.

आणि खासगी पत्रात उलट. कुणाच्या घरी दुःख झालंय, तिथे ‘आय ॲम सो सॉरी’ हेच बरोबर. त्यातला ‘सो’ काढून ‘आय ॲम सॉरी’ असं नेमकं आणि आटोपशीर लिहिलं तर ते थंड वाटतं. वर्षभर साथ दिलेल्या सहकाऱ्याला ‘थँक यू सो मच’ लिहिताना कुणाच्या लाल पेनाची पर्वा करू नका. तिथे शब्द माहिती देत नाहीत, माया देतात, आणि मायेला थोडा जास्तीचा शब्द लागतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की तपासणीचं सॉफ्टवेअर ‘व्हेरी’ दिसला की तो काढायला सुचवतं, ते ऐकावं का. सूचना म्हणून ऐका, हुकूम म्हणून नको. ‘व्हेरी गुड’च्या जागी ते ‘एक्सलंट’ सुचवेल. पण माल नुसता चांगला असेल, उत्कृष्ट नसेल, तर ‘व्हेरी गुड’ हेच खरं विधान आहे, आणि दर्जाच्या अहवालात खरं विधानच हवं. उलट ‘सोमवारीच’चा ‘मंडे ओन्ली’ त्याच्या नजरेतून बहुधा सुटेल, कारण त्याच्या लेखी ते वाक्य निर्दोष आहे. म्हणून दर किंवा अटी असलेलं काहीही पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबा, ‘ओन्ली’ शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या लगेच पुढे कोणता शब्द आहे ते पाहा. तुम्हाला ज्यावर जोर हवा होता तो शब्द तिथे नसेल, तर ‘ओन्ली’ उचलून त्याच्या आधी नेऊन ठेवा. हे काम मिनिटभराचं आहे.